कन्सोलवरील खेळाचे चित्रमुद्रण: टिपावे एकदा, रूपांतरही एकदाच

टीव्हीवर लख्ख दिसणारा खेळ यूट्यूबवर चढवला की ओल्या काचेतून पाहिल्यासारखा दिसतो, अशी तक्रार करणारे बहुतेक जण दोष यूट्यूबला किंवा घरच्या इंटरनेटला देतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक नुकसान त्याच्या कितीतरी आधी झालेले असते. कन्सोलमधून, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रातून, निघालेले चित्र फाइलमध्ये जाऊन बसेपर्यंत वाटेत केबल, एखादा डबा, कॅप्चर कार्ड (कन्सोलचे चित्र संगणकाला देणारे उपकरण), यूएसबी पोर्ट आणि सॉफ्टवेअर अशी बरीच मंडळी लागतात. त्यांपैकी एखादे चित्राचा आकार बदलते, एखादे फ्रेम, म्हणजे हालचालीतले एकेक चित्र, गाळते, एखादे रंग दाबते, आणि हे करताना कोणीही आपल्याला विचारत नाही. म्हणून पुढे जे सांगितले आहे ते सारे एकाच गोष्टीसाठी आहे: न विचारता होणारी रूपांतरे शोधून बंद करावीत, आणि जे रूपांतर टाळता येत नाही ते सगळ्यात शेवटी, एकदाच, स्वतःच्या हाताने करावे.

कन्सोल स्वतः काय टिपतो

कॅप्चर कार्ड विकत घेण्यापूर्वी कन्सोलमधील अंगभूत रेकॉर्डिंग आपल्या कामापुरते आहे का, हे पाहून घ्यावे. प्लेस्टेशन ५ एका वेळी ६० मिनिटांपर्यंत, आणि हवे असल्यास ४के (३८४० × २१६० बिंदूंच्या) आकारात, वेबएम किंवा एमपी४ स्वरूपाची फाइल तयार करतो. चार मित्रांना दाखवण्यासाठी किंवा लहान व्हिडिओसाठी हे पुरेसे आहे आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही. साध्या प्लेस्टेशन ४ची मजल मात्र ७२०पी (उंचीला ७२० रेषांचे चित्र) आणि सेकंदाला ३० फ्रेम इतकीच आहे. रेकॉर्डिंगची मुदत मुळात १५ मिनिटांची असते आणि ती ६० मिनिटांपर्यंत वाढवता येते. निन्टेंडो स्विच शेवटच्या ३० सेकंदांपलीकडे काहीच ठेवत नाही, तेही ७२०पीमध्ये. ज्या खेळाचे सौंदर्यच सेकंदाला ६० फ्रेममध्ये आहे, म्हणजे मारामारीचे आणि गाड्यांच्या शर्यतींचे खेळ, ते ३० फ्रेममध्ये टिपणे म्हणजे प्रत्येक दुसरे चित्र फेकून देणे होय, आणि फेकलेले चित्र नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने खरेखुरे परत येत नाही.

अंगभूत रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर उतरवताना ड्राइव्ह एक्सफॅट स्वरूपात असावा. फॅट३२ स्वरूपही प्लेस्टेशनला चालते, परंतु त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि तासाभराचे रेकॉर्डिंग ही मर्यादा सहज ओलांडते.

कार्ड विकत घेताना

मुंबईत कॅप्चर कार्ड प्रत्यक्ष हाताळून घ्यायचे असेल, तर ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेले असते, पण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला अजून लॉर्ड लॅमिंग्टनच्याच नावाने ओळखतात. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत जावे, आणि जाताना सोबत स्वतःचा लॅपटॉप न्यावा. ही शेवटची सूचना मी पैसे मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका गाळ्यातून मी खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४के’ छापलेले, बोटाएवढे कार्ड घेतले. घरी आल्यावर कळले, की ४के चित्र ते फक्त आत घेते. संगणकाला देताना १०८०पीमध्ये आणि तेही सेकंदाला ३० फ्रेम, इतकेच देते. खोक्यावर खोटे काहीच नव्हते. अपुरे मात्र होते.

याचे कारण साध्या गणितात आहे. १९२० × १०८० आकाराचे, सेकंदाला ६० फ्रेमचे चित्र कोणतेही आकुंचन न करता, प्रत्येक बिंदूला २ बाइट या हिशेबाने पाठवायचे तर सेकंदाला सुमारे २४९ एमबी, म्हणजे जवळजवळ २ गिगाबिट इतका प्रवाह लागतो. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे आणि यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट. त्यामुळे यूएसबी २.० वर चालणारे कार्ड संगणकाकडे पाठवण्यापूर्वीच प्रत्येक फ्रेम जेपेग छायाचित्रासारखी दाबून टाकते. या पद्धतीला एमजेपेग म्हणतात. गवत, पाऊस, धूर, स्फोट असे बारीक तपशील नेमके तिथे चोथा होतात, आणि नंतर रेकॉर्डिंगचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवायच्या माहितीचे प्रमाण, कितीही वाढवला तरी आपण त्या चोथ्याचीच अधिक चांगली प्रत काढत राहतो.

म्हणून दुकानातच कार्ड लॅपटॉपला लावावे, ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर उघडावे, ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ हा स्रोत जोडावा आणि त्याच्या गुणधर्मांमध्ये चित्राच्या स्वरूपांची यादी पाहावी. १०८०पी आणि ६० फ्रेमसमोर वायूवाय२ किंवा एनव्ही१२ हे न दाबलेल्या चित्राचे पर्याय निवडता येत असतील, तर कार्ड खरे यूएसबी ३.० आहे. तिथे फक्त एमजेपेग दिसत असेल आणि वायूवाय२ निवडताच फ्रेमची संख्या ५ किंवा १० वर घसरत असेल, तर कार्ड परत ठेवावे. ही पाहणी करताना लॅपटॉपचे पोर्ट आणि मधली केबल दोन्ही यूएसबी ३.० ची असली पाहिजेत. मोबाइल चार्ज करायची टाइप-सी केबल लावली तर उत्तम कार्डही गुपचूप जुन्या वेगावर उतरते, आणि दोष कार्डाच्या माथी बसतो.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पासथ्रू, अर्थात कार्डातून टीव्हीकडे जाणारा एचडीएमआयचा दुसरा मार्ग. संगणकाच्या खिडकीत दिसणारे चित्र काही फ्रेम उशिरा पोहोचते, त्यामुळे त्याकडे पाहून खेळणे जमत नाही. खेळावे टीव्हीकडे पाहून, आणि संगणकाने शेजारी बसून फक्त टिपत राहावे. टीव्ही ४के असेल तर पासथ्रूही ४के ६० फ्रेमचा आहे ना, हे विचारून घ्यावे.

जोडणी आणि कन्सोलची मांडामांड

कन्सोलची एचडीएमआय केबल कार्डाच्या ‘इन’मध्ये, कार्डाच्या ‘आउट’मधून दुसरी केबल टीव्हीला, आणि यूएसबी संगणकाला, इतकीच जोडणी आहे. प्लेस्टेशन ४ किंवा ५ असेल तर पहिल्या वेळी संगणकावर काळा पडदा दिसेल. याचे कारण बिघाड नसून एचडीसीपी हे प्रत-संरक्षण आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये सेटिंग्जमधील सिस्टम, त्यातील एचडीएमआय या विभागात जाऊन आणि प्लेस्टेशन ४ मध्ये थेट सिस्टम विभागात जाऊन ते अधिकृतपणे बंद करता येते. ते बंद असेपर्यंत चित्रपट दाखवणारी ॲप चालत नाहीत, तेव्हा काम झाले की पुन्हा सुरू करावे, नाहीतर रात्री घरचे लोक मालिका लावायला बसले की जाब आपल्याला द्यावा लागतो. एक्सबॉक्स आणि स्विच खेळाच्या चित्रावर हे संरक्षण लावत नाहीत. प्लेस्टेशन ३ मात्र एचडीएमआयवर ते कधीच काढत नाही. त्या कन्सोलसाठी कंपोनंट केबल आणि कंपोनंट घेणारे कार्ड हाच सरळ मार्ग आहे. स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नाही, त्यामुळे तो या चर्चेतून बाद.

यानंतर कन्सोलमध्ये तीन गोष्टी तपासाव्यात. कार्ड एचडीआर (अधिक उजळ आणि अधिक गडद छटा असलेले चित्र) घेत नसेल, किंवा अंतिम व्हिडिओ साध्या पडद्यांसाठी असेल, तर एचडीआर बंद करावे. एचडीआरचे चित्र साध्या रेकॉर्डिंगमध्ये पडले की धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखे फिके दिसते. कार्डाला १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रे) किंवा बदलता रिफ्रेश दर पेलत नसेल तर तेही बंद करावे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे रंगांचा पल्ला, जिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

रंगांचा पल्ला

टीव्हीच्या दुनियेत काळा रंग १६ या आकड्यावर आणि पांढरा २३५ वर धरतात. संगणकाच्या दुनियेत काळा ० वर आणि पांढरा २५५ वर असतो. पहिल्याला मर्यादित पल्ला आणि दुसऱ्याला पूर्ण पल्ला म्हणतात. दोन्हींपैकी कोणताही चांगला वा वाईट नाही. कन्सोल, कार्ड आणि ओबीएस या तिघांनी एकच भाषा बोलणे एवढेच महत्त्वाचे आहे. कन्सोल पूर्ण पल्ला पाठवत असेल आणि कार्ड त्याला मर्यादित समजत असेल, तर १६ खालच्या सगळ्या छटा एकसारख्या काळ्या होतात आणि अंधाऱ्या खोलीतला शत्रू, जो टीव्हीवर दिसत होता, रेकॉर्डिंगमध्ये नाहीसा होतो. उलट घडले तर काळ्याचा राखाडी होतो आणि सगळ्या चित्रावर पातळ धुके पसरल्यासारखे वाटते.

ही चूक पकडण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. बहुतेक खेळांमध्ये सुरुवातीला उजेड जुळवण्याचा एक पडदा असतो, ज्यात एक चिन्ह जेमतेम दिसावे आणि दुसरे दिसूच नये अशी सूचना असते. तो पडदा टीव्हीवर नीट जुळवावा, मग दहा सेकंद रेकॉर्ड करावे आणि ती फाइल संगणकावर उघडून तीच चिन्हे शोधावीत. दोन्ही चिन्हे गायब असतील किंवा दोन्ही ढळढळीत दिसत असतील, तर पल्ला जुळलेला नाही. अशा वेळी कन्सोलमध्ये आरजीबी पल्ला ‘ऑटोमॅटिक’वर न सोडता ‘लिमिटेड’ असा ठरवून द्यावा आणि ओबीएसमध्ये त्या स्रोताच्या गुणधर्मांत कलर रेंज ‘लिमिटेड’, कलर स्पेस ‘७०९’ (एचडी व्हिडिओच्या रंगांचे प्रमाण) निवडून पुन्हा तपासावे. ओबीएसच्या प्रगत सेटिंग्जमध्येही रेकॉर्डिंगसाठी एनव्ही१२, ७०९ आणि लिमिटेड हेच ठेवावे, कारण व्हिडिओ दाखवणारी जवळपास सगळी संकेतस्थळे आणि टीव्ही हेच गृहीत धरून चालतात. संपादन करताना व्हिडिओ फिका दिसला म्हणून तिथे काँट्रास्ट वाढवणारे पुष्कळ आहेत. तो इलाज नव्हे, कारण दाबलेल्या छटा काँट्रास्टने उघडत नाहीत.

ओबीएसमधील रेकॉर्डिंग

खेळ कन्सोलवर चालत असल्यामुळे संगणकाला टिपण्याखेरीज दुसरे काम नसते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. मध्यम दर्जाचा लॅपटॉपही १०८०पी ६० फ्रेम आरामात टिपतो. ओबीएसमध्ये कॅनव्हास (मांडणीचा) आणि आउटपुट (साठवायचा) हे दोन्ही आकार कार्डाकडून येणाऱ्या आकाराइतकेच ठेवावेत. कॅनव्हास १०८०पी आणि आउटपुट ७२०पी ठेवून ‘फाइल लहान होईल’ असा विचार करणे म्हणजे न मागितलेले एक रूपांतर स्वतःहून ओढवून घेणे आहे. फ्रेमचा दरही कार्ड जे सांगते तोच असावा. कार्ड ५९.९४ देत असेल आणि ओबीएस ६० वर असेल, तर दर १७ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा पडते आणि संथ सरकणाऱ्या दृश्यात तो बारीकसा ठेचकाळा जाणवतो.

दर्जाची सूत्रे स्थिर बिटरेटच्या हाती न देता स्थिर दर्जाच्या हाती द्यावीत. थेट प्रक्षेपणाला स्थिर बिटरेट लागतो, साठवणुकीच्या रेकॉर्डिंगला नाही. शांत दृश्यात तो जागा वाया घालवतो आणि स्फोटाच्या दृश्यात कमी पडतो. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून साठवणारा भाग, ग्राफिक्स कार्डावरचा एनव्हेंक असेल तर सीक्यूपी हा दर्जाचा आकडा १६ ते २०, आणि प्रोसेसरवरचा एक्स२६४ असेल तर सीआरएफ हा आकडा १६ ते १८ ठेवावा. हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी; एक्स२६४ मध्ये ढोबळमानाने ६ ने आकडा उतरवला की फाइल दुप्पट होते. सरासरी ४० मेगाबिटचा प्रवाह धरला तर तासाला १८ जीबी लागतात, तेव्हा रेकॉर्डिंगसाठी वेगळी डिस्क असलेली बरी. मुंबईच्या एका खोलीच्या संसारात जागा नसते ती कपाटांना. डिस्कला खिसा पुरतो.

फाइलचे स्वरूप एमकेव्ही असावे. जुन्या साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा संगणक अडकला तर पूर्ण फाइल उघडेनाशी होते. पावसाळ्यातल्या एका रात्री माझे अडीच तासांचे रेकॉर्डिंग असेच गेले, आणि तेव्हापासून एमकेव्हीखेरीज मी काही वापरत नाही. संपादनाच्या सॉफ्टवेअरला एमपी४ च हवे असेल तर ओबीएसच्या फाइल मेनूमधील ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ वापरावे. त्यात चित्राला हात न लावता फक्त वेष्टन बदलते, आणि ते काही सेकंदांत होते. हे रूपांतर नुकसानीचे नाही, म्हणून ते कितीही वेळा करावे.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगायचे तर सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवावे आणि खेळाचा आवाज व आपले मराठी समालोचन वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यावे. गणपतीच्या दिवसांत खिडकीबाहेर ढोल सुरू झाला तर माइकचा ट्रॅक तेवढा काढून पुन्हा बोलता येते. दोन्ही आवाज एकत्र मिसळलेले असतील तर खेळच पुन्हा खेळावा लागतो. चित्र आणि आवाज जुळतात का हे पाहण्यासाठी कन्सोलच्या मेनूत एक-एक पर्याय सरकवावा, ‘टिक’ असा आवाज आणि ठळक होणारी चौकट यांतले अंतर फाइलमध्ये फ्रेम मोजून काढावे, आणि ६० फ्रेमच्या हिशेबाने प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद धरून तेवढा आकडा ओबीएसच्या प्रगत ऑडिओ गुणधर्मांतील सिंक ऑफसेटमध्ये भरावा. रेकॉर्डिंगमध्ये घुंई असा सततचा आवाज येत असेल, तर टीव्हीला लावलेली केबलवाल्याची वायर काढून पाहावी. जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसते आणि ५० हर्ट्झची गुणगुण त्याच वायरने आत शिरते.

जुने कन्सोल

खरी परीक्षा इथे आहे. माळ्यावरून काढलेला प्लेस्टेशन २ किंवा नव्वदच्या दशकातला कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम लॅमिंग्टन रोडवर कोणालाही सांगितला, तर तो ‘एव्ही टू एचडीएमआय’ नावाचा छोटा डबा हातात ठेवेल. तो डबा चित्र दाखवतो, यात वाद नाही. परंतु तो ४:३ चे चित्र ताणून १६:९ करतो, त्यामुळे खेळातली माणसे आडवी सुटलेली दिसतात. दोन अर्ध्या फ्रेम आपल्या मर्जीने एकत्र शिवतो. आणि वर ७२०पी किंवा १०८०पी असा खोटा आकार देतो. म्हणजे जी तीन रूपांतरे आपण शेवटी काळजीपूर्वक करायची, ती तो सगळ्यात आधी आणि घाईने उरकतो.

आधी केबल बदलावी. पिवळ्या पिनेच्या कंपोझिट केबलमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात आणि ते पुन्हा वेगळे करताना रंगांच्या कडांवर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. एस-व्हिडिओमध्ये ते दोन वेगळे राहतात, आणि लाल, हिरव्या, निळ्या पिनांच्या कंपोनंट केबलमध्ये रंगांचेही दोन भाग स्वतंत्र येतात. प्लेस्टेशन २ साठी कंपोनंट केबल घ्यावी, पण ती लावण्याआधीच जुन्या केबलवर असताना सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कंपोनंट व्हिडिओ आउट ‘आरजीबी’वरून ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’वर आणावे, नाहीतर नवी केबल लावल्यावर रंग भलतेच दिसतात आणि केबल खराब निघाली असा समज होतो. समुद्राकाठच्या दमट हवेत पिनांवर हिरवट थर चढतो. जोडण्यापूर्वी त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कन्सोल चालू करू नये.

भारतातली टीव्ही पद्धत पाल असल्यामुळे आपल्याकडचे जुने कन्सोल बहुधा सेकंदाला ५० अर्धचित्रांचे, ५७६ रेषांचे चित्र देतात. अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत ती ५९.९४ अर्धचित्रे आणि ४८० रेषा असतात. प्लेस्टेशन २ चे अनेक पाल खेळ सुरुवातीला ५० की ६० हर्ट्झ असे विचारतात. तिथे ६० निवडावे, कारण नीट जुळवून न घेतलेला खेळ ५० वर सुमारे १७ टक्के हळू चालतो आणि वर-खाली काळ्या पट्ट्याही येतात. जो खेळ विचारत नाही तो ५० वरच टिपावा आणि ओबीएसमध्ये फ्रेमचा दर ५० च ठेवावा. पालचे ५० ओढून ६० करण्याचा मोह टाळावा. त्यात दर सेकंदाला दहा फ्रेम दुबार पडतात.

आता इंटरलेसचा, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या रेषांनी येणाऱ्या चित्राचा, प्रश्न. प्लेस्टेशन २ प्रत्येक क्षणी चित्राच्या फक्त सम किंवा फक्त विषम रेषा पाठवतो, त्यांना, म्हणजे वर सांगितलेल्या अर्धचित्रांना, फील्ड म्हणतात. दोन फील्ड जोडून एक फ्रेम केली तर स्थिर चित्र सुरेख दिसते, पण हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात, कारण दोन्ही फील्ड वेगवेगळ्या क्षणांच्या असतात. यावरचा उपाय म्हणजे डीइंटरलेस करणे. तो असा, की प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण फ्रेम तयार करावी, म्हणजे २५ फ्रेम न होता ५० फ्रेम मिळतात आणि हालचाल टीव्हीवर होती तशीच गुळगुळीत राहते. ओबीएसमध्ये स्रोतावर उजवी टिचकी मारून डीइंटरलेसिंगमध्ये ‘यादिफ २एक्स’ निवडल्यास हे लगेच होते. मात्र मी स्वतः रेकॉर्डिंग करताना डीइंटरलेस करत नाही. कच्चे इंटरलेस चित्र व्हर्च्युअलडब२ या सॉफ्टवेअरमध्ये हफवाययूव्हीसारख्या विनानुकसान पद्धतीने साठवतो आणि नंतर क्यूटीजीएमसी या संथ पण फार चांगल्या पद्धतीने सोडवतो. ७२० × ५७६ चे चित्र अजिबात न दाबता ठेवले तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात, आणि विनानुकसान आकुंचनाने त्यात बरीच बचत होते. खेळ एकदाच खेळला जातो आणि डीइंटरलेसच्या पद्धती दरवर्षी सुधारतात. कच्ची प्रत हाती असेल तर पाच वर्षांनी पुन्हा सोडवता येते. डीइंटरलेस केल्यावर हालचाल दोन पावले पुढे आणि एक मागे अशी थरथरत असेल, तर फील्डचा क्रम उलटा निवडला आहे. ‘टॉप फील्ड फर्स्ट’चे ‘बॉटम’ किंवा बॉटमचे टॉप करावे.

कॅसेटवाल्या खेळांची आणि प्लेस्टेशन १ च्या पुष्कळशा खेळांची गोष्ट याहून निराळी आहे. ते इंटरलेस चित्र देतच नाहीत. पालमध्ये २८८ आणि एनटीएससीमध्ये २४० रेषांच्या पूर्ण फ्रेम देतात. बहुतेक कार्डे त्याला इंटरलेस समजून दोन लागोपाठच्या फ्रेम एकमेकांत विणतात. जुन्या खेळांमध्ये सावली किंवा जखमी झालेला गडी दाखवायला एका फ्रेमला चित्र आणि दुसऱ्या फ्रेमला रिकामी जागा अशी युक्ती वापरत; विणकामात ती सावली जाळीदार होते, आणि कार्ड निम्म्या फ्रेम गाळत असेल तर कायमची दिसते किंवा कायमची गायब होते. इथे यादिफ नको. ओबीएसच्या त्याच यादीतील ‘रेट्रो’ हा पर्याय प्रत्येक फील्ड स्वतंत्र फ्रेम म्हणून दाखवतो, तो घ्यावा. खर्च करण्याची तयारी असेल तर ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखे, याच कामासाठी बनवलेले उपकरण घ्यावे, जे २४० रेषा म्हणजे काय हे ओळखून त्यांची नेमकी पट करून एचडीएमआयवर देते. पुढचे सगळे काम मग नव्या कन्सोलसारखे होते.

शेवटचे रूपांतर

कच्ची प्रत तशीच ठेवून, कापाकापी झाल्यावर, अंतिम फाइल काढावी. इथे पहिला निर्णय आकाराचा असतो, आणि तो यूट्यूबच्या रीतीवर अवलंबून आहे. ७२०पीपेक्षा लहान व्हिडिओला यूट्यूब ६० फ्रेम देत नाही. म्हणजे जपून मिळवलेल्या ५० किंवा ६० फ्रेम ५७६ रेषांच्या फाइलमध्ये निम्म्या होऊन जातील. शिवाय १४४०पी आणि त्यावरच्या व्हिडिओला ते सहसा व्हीपी९ ही चित्र दाबण्याची अधिक चांगली पद्धत आणि अधिक बिटरेट देते. म्हणून १०८०पीचे रेकॉर्डिंगही १४४०पीपर्यंत मोठे करून चढवले तर गवत आणि धूर स्पष्टच अधिक चांगले दिसतात. यात नवा तपशील निर्माण होत नाही. असलेला कमी चिरडला जातो.

जुन्या खेळांसाठी १९२० × १४४० हा आकार मला फार सोयीचा वाटतो. तो ४:३ आहे, आणि १४४० ही संख्या २४० च्या ६ पट व २८८ च्या ५ पट येते, त्यामुळे प्रत्येक मूळ रेष समान जाडीची राहते. उंचीसाठी ‘निअरेस्ट नेबर’ (बिंदू जसाच्या तसा पुन्हा ठेवणारी पद्धत) आणि रुंदीसाठी बायक्युबिक (शेजारचे बिंदू मिसळून गुळगुळीत करणारी) वापरावे. व्हर्च्युअलडब२ मध्ये आकार बदलण्याची दोन फिल्टरे एकामागोमाग लावून हे करता येते. आकार वाढवणे एन्कोडिंगच्या आधी झाले पाहिजे, कारण एन्कोडर रंगांची माहिती उभी-आडवी दोन्ही बाजूंनी निम्मी करतो, आणि लहान आकारात बिंदूएवढ्या लाल अक्षरांचा चिखल होतो. पाच-सहा पट मोठ्या चित्रात तोच निम्मा रंग पुरून उरतो. ४:३ च्या चित्राला शेजारी काळ्या पट्ट्या जोडू नयेत, प्लेअर त्या स्वतः दाखवतो.

अंतिम फाइल हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये काढत असाल तर एच.२६४, आरएफ (दर्जाचा आकडा) १८ च्या आसपास, फ्रेमचा दर ‘सेम ॲज सोर्स’ आणि ‘कॉन्स्टंट’, आवाज एएसी, आणि ‘वेब ऑप्टिमाइज्ड’वर खूण, इतके पुरे. आपोआप काठ कापण्याचा पर्याय बंद करावा, कारण अंधाऱ्या खेळात तो चित्राचाच भाग कापतो. यूट्यूब १०८०पी ६० फ्रेमला १२ आणि १४४०पी ६० फ्रेमला २४ मेगाबिट सुचवते. आपली फाइल त्याहून जड असली तरी बिघडत नाही, कारण तिथे ती पुन्हा दाबली जाणारच असते आणि आपण जितके चांगले देऊ तितके यूट्यूबच्या हाताशी असते. घरच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवायचे असेल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. २ जीबीपर्यंतची फाइल तशी न दाबता जाते.

चढवल्यावर लगेच पाहू नये. यूट्यूब आधी लहान आकाराची प्रत दाखवते आणि मोठ्या आकाराच्या प्रती नंतर तयार होतात. तोपर्यंत व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ (दुवा असणाऱ्यांनाच दिसणारा) ठेवावा, प्लेअरच्या सेटिंग्जच्या चक्रात १४४०पी६० किंवा १४४०पी५० दिसू लागले की एखादे अंधारे आणि एखादे धावपळीचे दृश्य कच्च्या प्रतीशेजारी ठेवून पाहावे, आणि मगच दुवा लोकांना द्यावा.